क्लचवरचा पाय

खुशालराव: नाई वयनी, तुमाले ढकलाले नाई लावत मी. तुमी फक्त आत बसा. ढकलतो मी.

वच्छला: मी अन् स्टेरिंगवर? भाऊजी, मले सायकल येत नाई.

खुशालराव: सायकलले तोल लागते. हिले चार चाकं हायेत, ही काई पडत नाई. आमच्या शकुनले कुठी येत होती गाडी? पन बॅटरी उतरली का तीच बसे. मी मांगून ढकलो अन् ती क्लचवरचा पाय उचले. बाई गेली तोवर तिले गाडीतलं तेवढंच येत होतं.

वच्छला: अन् तेवढ्यासाठी तुमी दोघं नवराबायको इतके भांडत, का सारं गाव जागं होये.

खुशालराव: तवा गाव होतं जागं व्हाले. आता इथं कोन हाये? तुमी, मी, अन् जांबाच्या झाडावरचे पोपट.

वच्छला: टेकावरून बलावा ना कोनाले. नव्या वस्तीत काय पोट्ट्यायची कमी हाये?

खुशालराव: बलावून पाह्यलं. देवीदासले फोन केला, का ट्रॅक्टर आनन तर साखई लावून वढू. तर तो तूर घेऊन धामनगावले गेला. बाकीचे सारे पोट्टे लग्नाले भातकुलीले. फोनवर त्याची बायको होती. म्हने, भाऊ, पुरानंतर तुमी बी सगळ्यायसारखं टेकावर घर बांधलं असतं तर कवा बी ढकलाले दहा जन भेटले असते. पूर येऊन गेला त्याले किती वर्स झाले, पन मी खाली राह्यलो याचा राग त्या बाईले अजून हाये.

वच्छला: मले बी बोलते ती. मंग उद्या जा. अकोला कुठी पयून जाते का?

खुशालराव: उद्या कसं जमन? चंदा सकायपासून फोन करून राहिली. जावयानं खोली रंगवली म्हने माह्यासाठी. नातीनं आपलं अभ्यासाचं टेबल हॉलमंधी नेलं, आबाची खाट बसाव म्हून. आता लेकीनं इतकं केल्यावर मी काय सांगू, तुह्या बापाची बॅटरी उतरली?

वच्छला: सांगाव का. खरं ते खरं.

खुशालराव: तसं सांगतलं का जावई गाडी घेऊन हजर होते. तेच मले नाई पाह्यजे. लेकीच्या घरी कायमचं राहाले जाऊन राहिलो, तर निदान आपल्या गाडीनं जाव. कोनी उचलून आनलं अन् दारात टाकलं असं नाई दिसलं पाह्यजे. एकदा तिथं पोचलो का मंग खुशाल भंगारात द्या म्हनीन. म्हनून तर नवीन बॅटरी नाई टाकली.

वच्छला: सामान भरलं सारं?

खुशालराव: भराले हाये काय? गोधड्या, कपडे, शकुनचा फोटो, गव्हाचे पोते. जावई म्हने, मामाजी, गहू नका आनू, अकोल्यात सारं भेटते. म्हनलं भेटत असन, पन मी हात हालवत येत नसतो. वावर देवीदासले बटईनं देल्लं ते तुमाले मालूमच हाये. अन् ही घ्या घराची चाबी. कवाकवा दार उघडजा, नाई तर लाकडाले उधई लागन.

वच्छला: ठेवा तिथं ओट्यावर.

खुशालराव: हातात घ्या ना.

वच्छला: घेईन म्हनलं ना. आधी तुमची गाडी पाहू. कुठी बसू?

खुशालराव: या इकडून. पदर आत घ्या, दारात अटकन. हं. आता खाली पाहा, तीन हायेत. डाव्या पायाखालचा क्लच. मंधातला ब्रेक. उजवीकडच्याले तुमी हातच नका लावू.

वच्छला: पाय.

खुशालराव: पाय नका लावू. बराबर. दुसरा गेर मी टाकून देल्ला, चाबी चालू हाये. क्लच पुरा दाबून ठेवा. मी मांगून ढकलतो. गाडीनं जोर धरला का मी म्हनीन, उचला. तुमी झटक्यात पाय उचलाचा. गाडी एक हिसका देईन अन् इंजिन चालू होईन. झालं का लगेच परत दाबाचा. बस.

वच्छला: अन् समोर मारुतीचं देऊय आलं तर?

खुशालराव: ब्रेक. पन तिथपर्यंत नाई जात आपून. माह्या दारापासून मारुतीपर्यंत उतार हाये, म्हून तर मी इतके वर्स गाडी तोंड खाली करून लावली. एकट्या मानसाचं तेच सेल्फ. पन आज ती नुसत्या उतारानं नाई घेऊन राहिली, मांगून धक्का पाह्यजे. अन् एक ध्यानात ठेवा, देवयाच्या पुढं कायी माती हाये, ओली. तिथं फसली का ट्रॅक्टरशिवाय निंगत नाई.

वच्छला: भाऊजी, या वयात नका ढकलू. दिवाईत काय झालं होतं इसरले?

खुशालराव: चक्कर आली होती, मेलो नव्हतो. दाबला का क्लच?

वच्छला: दाबला.

खुशालराव: हं. चाल वं माय. चाल. चाल. पाहा, जोर धरून राहिली. उचला. वयनी, उचला. उचला ना. अहो, ब्रेक, ब्रेक दाबा.

वच्छला: दाबला.

खुशालराव: काय झालं?

वच्छला: घाबरली मी.

खुशालराव: असू द्या. शकुननं पयल्या खेपी डोयेच मिटून घेतले होते. मी इचारलं तर म्हने, मले वाटलं डोये मिटले का गाडी हयू चालन. जरा दम घेऊ द्या मले.

वच्छला: पानी आनू?

खुशालराव: तुमी उतरू नका, ब्रेकवरून पाय काढला का ही चालली खाली. हँडब्रेक कवाच मेला तिचा. चला, परत. क्लच दाबा. आता ब्रेक सोडा. हं, चालली. जोर धरला. उचला, वयनी. आता. आता उचला. अर्र. ब्रेक दाबा.

वच्छला: चप्पल अटकली.

खुशालराव: मंग काढून टाका ती चप्पल. द्या इकडं, सीटखाली ठेवतो. आता अनवानी पायानं नीट समजते. घाबराचं काम नाई. अर्धा उतार गेला, अर्धा हाये. या खेपी मी मोठ्यानं आवाज देतो. तयार?

वच्छला: तुमचं तोंड लाल झालं.

खुशालराव: होऊ द्या. दाबला? चाल. चाल वं. उचला. उचला, वयनी. उचला म्हनून राहिलो ना. उचला. थांबवा. थांबवा गाडी.

(गाडी देवळाच्या थोडी अलीकडे थांबते. खुशालराव पुढे येऊन दाराला टेकून उभे राहतात.)

वच्छला: ऐकू नाई आलं.

खुशालराव: वयनी, माह्या घरात तांब्या पडला तर तुमाले तुमच्या चुलीपाशी ऐकू येते.

वच्छला: आलं ऐकू.

खुशालराव: मंग?

वच्छला: नाई उचलला.

खुशालराव: मुद्दाम?

वच्छला: पयल्या खेपी घाबरली, ते खरं हाये. मंगच्या दोन खेपी मुद्दाम.

खुशालराव: आता काय म्हनू मी तुमाले? छाती भरून आली माही. सारा उतार खाऊन टाकला तुमी.

वच्छला: शिव्या द्या.

खुशालराव: शिव्यायनं बॅटरी चार्ज होत असती तर शकुनच्या राज्यात मले कवा ढकलावच नसती लागली. काहून केलं पन असं? मी तुमची भाजी बजारात नेतो, त्यासाठी? त्याची फिकर नका करू. ऑटोवाल्याले सांगून ठेवलं मी. बजाराच्या दिवशी तो फाट्यावरून तुमची मेथी अन् वांगे उचलन, अमरावतीले नेऊन टाकन.

वच्छला: तुमची गाडी नव्हती तवा मी डोक्यावर नेत होती भाजी. भाजीचं काय घेऊन बसले?

खुशालराव: मंग कशाचं घेऊ ते तरी सांगा. तुमीच तर चंदाले फोन केला होता दिवाईत. म्हनलं, बापाले एकट्याले नको ठेवू.

वच्छला: केला होता. तुमी विहिरीपाशी पडून, अंगाले घाम, डोये वर. मले वाटलं पोट्टी येईन, आठ दिस राहीन, डाक्टरले दाखवन. सारं घरच उचलून नेईन असं नव्हतं वाटलं. आता मीच बलावलं तर मीच कोन्या तोंडानं म्हनू का नका जाऊ?

खुशालराव: म्हनून क्लच दाबून बसल्या.

वच्छला: म्हनून बसली.

खुशालराव: लय जबर बाई हा तुमी. मी म्हातारा तिकडं मांगून जीव काढून राहिलो, अन् ही इकडं आरामात बसून हाये.

वच्छला: आरामात नव्हती. आरशात दिसत होते तुमी. वाकलेले.

खुशालराव: मंग दया नाई आली?

वच्छला: आली. तरी पाय उचलत नव्हता. भाऊजी, तुमी दिवाईपासून रोज सकायी आंगनात येऊन आवाज देता, उठल्या का वयनी. मी म्हनते उठली, तुमी उठले का? तुमी म्हनता, नाई, झोपेतच बोलून राहिलो. रोज तेच. तुमाले ते गंमत वाटत असन.

खुशालराव: गंमत नाई. डाक्टरनंच सांगतलं होतं, सकायी कोनी तरी पाहून घेत जा म्हून.

वच्छला: तुमाले पाहाले सांगतलं होतं. पन तुमी मले बी इचारत होते ना. हे गेल्यापासून कोनी इचारलं नव्हतं मले, उठली का म्हून. माहा शिवम पुन्याहून रविवारी फोन करते. सोमवारी मी गेली तर त्याले पुढच्या रविवारी मालूम पडन. मरनाचं भेव नाई मले. पडून राहाचं हाये. मेथी वायून जाईन, बकरी वरडत राहीन, अन् कोनी येनार नाई.

खुशालराव: असं नका बोलू सकायी सकायी.

वच्छला: कवा बोलू मंग? तुमी तर जाऊन राहिले.

खुशालराव: मी करीन ना फोन. रोज करीन.

वच्छला: फोन वाजन. नाई उचलला तर अकोल्याहून तुमी काय कराल?

खुशालराव: टेकावर जा ना तुमी बी. तुमचा प्लाट पडून हाये तिथं. शिवमले सांगा, दोन खोल्या काढून दे.

वच्छला: तो म्हनते पुन्यालेच ये. जाऊन पाह्यलं ना. दिवसभर दार लावून बसाव लागे. शेजारीन भेटली का इचारे, आजी, बऱ्या आहात ना? अन् मी काय म्हनते ते ऐकाले थांबेच ना, लिफ्टमंधी निंगून जाये. अन् टेकावर माह्या वांग्यायले पानी द्याले कोन येईन खालून? हे जिद्द करून इथं राह्यले, त्यायच्या मांगं मी राह्यली. आता सवय पडली. अन् तुमी होते.

खुशालराव: मले तरी कुठी जाव वाटते? खरं सांगू? बॅटरी काई आपोआप नाई उतरली. काल संध्याकायी सामान भरलं अन् गाडीतच बसून राह्यलो. घरात जाववेच ना. भांडे नाईत, खाट उभी करून ठेवलेली, बोललो तर आवाज घुमे. गाडीतला दिवा लावला अन् बसलो. उतरताना बंद कराचं सुचलं नाई.

वच्छला: पाह्यला मी उजेड. वाटलं काई शोधून राहिले.

खुशालराव: काई नाई शोधत होतो. नुसता बसलो होतो. वाटलं, तुमच्याकडं चहाले याव. मंग म्हनलं, जाच्या आदल्या दिवशी कशाले तोंड दाखवाव.

वच्छला: याचं होतं. दूध होतं घरी.

खुशालराव: थांबा, फोन वाजून राहिला. चंदाच हाये. हालो. हो बाई, निंगतोच हाये. नाई, रस्त्यात नाई, अजून घरीच. जरासं गाडीचं काम होतं. वच्छलाबाई हायेत ना इथं, मदत करून राहिल्या. लय मदत करून राहिल्या. हो. जेवासाठी नका थांबू तुमी. बरं, देजो तिले. हो वं माय, आबा येऊन राहिला. खाट खिडकीपाशी? टाक ना, जिथं तुले आवडन तिथं टाक. ठेवतो.

वच्छला: नात होती?

खुशालराव: हो. शायेत नाई गेली आज. दारात बसून हाये.

वच्छला: भाऊजी.

खुशालराव: बोला.

वच्छला: दिवाईत तुमी पडले, तवा मी तुमाले उचलून सावलीत नाई नेऊ शकली. लय वढलं, हालले नाई तुमी. देवीदास टेकावरून येईपर्यंत मी तुमच्यावर छत्री धरून बसली होती. एका हातानं छत्री, एका हातानं तुमच्या तोंडावर पानी. सांगतलं नाई कवा तुमाले.

खुशालराव: देवीदासनं सांगतलं होतं छत्रीचं.

वच्छला: परत तसं झालं तर मी काय करू? परत छत्रीच धरू शकते मी. तिथं जावई हाये, दवाखाना हाये. तुमचं जानं बराबर हाये. मले ते काल बी समजत होतं अन् क्लच दाबला होता तवा बी समजत होतं. किती उतार राह्यला?

खुशालराव: देवयापर्यंत. एक खेप.

वच्छला: या खेपी चालू नाई झाली तर?

खुशालराव: तर मातीत जाईन अन् देवीदास येईपर्यंत राहीन तिथं. म्हनजे आज नाई जात मी. पाहून घ्या काय ते. मी काई रागावनार नाई.

वच्छला: ती घराची चाबी आना इकडं. ओट्यावर ठेवली की खिशात टाकली?

खुशालराव: खिशातच हाये. घ्या.

वच्छला: कमरेले खोचते. आता ढकला.

खुशालराव: उचलाल पाय?

वच्छला: उचलीन. पन हयू ढकला, छातीवर जोर नका घेऊ. खांद्यानं लावा.

खुशालराव: दाबला?

वच्छला: दाबला. ब्रेक सोडून राहिली.

खुशालराव: चाल. चाल वं माय, अजून थोडी. हं. हं. आता, वयनी. उचला.

वच्छला: उचलला. चालू झाली, भाऊजी. लय थरथरून राहिली.

खुशालराव: दाबा, क्लच दाबा, अन् ब्रेक. दाबा दाबा. शाबास. थांबली ना? तसाच ठेवा पाय, मी गेर काढतो. आता सरका पलीकडच्या सीटवर. हयू. झालं. पाहा, बोलून राहिली ना गाडी?

वच्छला: धूर किती सोडते.

खुशालराव: तिले बी वाईट वाटत असन. तिले वर वयवून तुमच्या दारापाशी नेतो, तिथं उतरा.

वच्छला: चाला तसेच. फाट्यापर्यंत येते मी.

खुशालराव: अन् वापस?

वच्छला: पायानं. मले कुठी गाडी हाये? चप्पल तेवढी द्या सीटखालची.

खुशालराव: घ्या. गव्हाच्या पोत्याले टेकून बसा, दार ढिल्लं हाये तिकडचं. वयनी, रडून राहिल्या का?

वच्छला: हो. तुमी समोर पाहा.

खुशालराव: मी बी रडतो मंग. एकट्यानं काहून रडाव?

वच्छला: तुमी गाडी चालवा नीट. टेकावरच्या बाया पाहून राहिल्या, खुशालराव वच्छलाबाईले घेऊन चालले म्हनतीन.

खुशालराव: म्हनू द्या. सारं आयुष्य खाली राह्यलो, आता काय बोलनं ऐकू वरच्यायचं? फाटा आला. इंजिन बंद नाई करत मी, तुमी उतरून घ्या.

वच्छला: नकाच करू. परत चालू कराले उतार नाई इथं.

खुशालराव: वयनी, सकायी फोन करीन. चहाच्या आधी.

वच्छला: करजा. मी म्हनीन उठली.

खुशालराव: अन् मले इचारजा.

वच्छला: तुमाले इचारनारे आता घरभर हायेत.

खुशालराव: तरी इचारजा.

वच्छला: इचारीन. अन् एखांद्या दिवशी मी फोन नाईच उचलला, तर देवीदासले सांगजा, तो येऊन पाहीन. तुमी नका निंगू घाईनं. तिकडं तुमची गाडी ढकलाले कोन हाये?